ओझरचा मिगचा कारखाना नक्की कसा आला आणि तिथे खरंच काय बनायचं? वडिलांसाठी विचारतोय

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारून टाकतो, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

माझे वडील नाशिकजवळच्या ओझरला मिग या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांच्या कारखान्यात होते. १९७९ ला आयटीआय झाल्यावर अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले आणि २०१४ ला रिटायर झाले, अख्खी नोकरी फिटर म्हणून एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्यावर. आम्ही भावंडं टाऊनशिपमध्येच वाढलो, आता नाशिकला गंगापूर रोडला राहतो. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला ना, तो कार्यक्रम बाबा सकाळपासून टीव्हीसमोर बसून बघत होते. शेवटची विमानं उतरली, त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले, तसे बाबा उठून उभे राहिले. चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले, पुसतच राहिले. मी काही बोललो नाही.

आणि मग गेल्या आठवड्यात एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेले एक पाहुणे म्हणाले, मिगमध्ये काय हो, रशियातून खोकी यायची आणि तुम्ही लोकांनी नटबोल्ट आवळायचे, विमान कुठे बनवलं आपण. बाबा एरवी कुणाचं ऐकून घेणारे नाहीत पण त्या दिवशी खाली मान घालून जेवले. घरी येऊनसुद्धा विषय काढला नाही. मला ते फार लागलं.

तर मला दोन गोष्टी नीट समजून घ्यायच्यात. एक म्हणजे हा कारखाना ओझरलाच का आला, लहानपणापासून ऐकतोय की नाशिककरांनी यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध निवडून दिलं म्हणून त्यांनी बक्षीस दिलं, ते कितपत खरं? आणि दुसरं म्हणजे ते पाहुणे बोलले त्यात किती तथ्य आहे. गोड गोड लिहू नका, खरं काय ते लिहा, बाबांना वाचून दाखवणार आहे.


जुनी_पानं:
आधी तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. मी इतिहासाचा शिक्षक होतो, पहिल्या प्रश्नाचं माझ्या परीने सांगतो.

बक्षिसाची गोष्ट अर्धी खरी आहे आणि ती इतकी छान आहे की उरलेली अर्धी कुणी सांगतच नाही. खरी अर्धी अशी की ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ ला चीनने आपल्याला मारलं, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि नेहरूंनी यशवंतरावांना मुंबईहून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतलं. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला हे वाक्य तेव्हाचंच. ते तेव्हा खासदार नव्हते, लोकसभेत जायला जागा हवी होती आणि नाशिकची जागा रिकामी झालेली, १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते इथून बिनविरोध गेले. देशाचा संरक्षणमंत्री नाशिकचा खासदार आणि त्याच काळात नाशिकला मिग, मग लोकांनी दोन्ही जोडलं तर नवल नाही.

पण मिगचा करार यशवंतरावांच्या आधीचा आहे हे लक्षात घ्या. रशियाशी बोलणी मेनन यांच्या काळात झाली, ऑगस्ट १९६२ ला ठरलं की भारत मिग-२१ घेणार आणि नुसता घेणार नाही, इथे बनवणार. त्याचं कारण पाकिस्तानला अमेरिकेकडून मिळालेली एफ-१०४ स्टारफायटर. पाश्चात्य देश विमान विकायला तयार असायचे पण बनवायचं तंत्र हातात द्यायला नाही, किंवा दिलं तर पैसे परकीय चलनात आणि आपल्याकडे तर डॉलरचा खडखडाट. रशियाने रुपयांत व्यवहार आणि कारखाना उभा करून द्यायची तयारी दाखवली, तिथे पारडं फिरलं.

मग कारखाना कुठे? तो एका ठिकाणी नाहीच काढला, तीन तुकडे केले. सांगाडा म्हणजे एअरफ्रेम आणि शेवटची जोडणी नाशिकला, इंजिन ओडिशात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. कोरापुटच्या वेळी ओडिशाचे मुख्यमंत्री बिजू पटनाईक होते, आता तिथले लोक सांगतात की बिजूबाबूंनी आणला. म्हणजे प्रत्येक गावाची आपापली गोष्ट आहे. माझं मत विचाराल तर यशवंतरावांचं वजन नक्की पडलं असणार, संरक्षणमंत्री आपला असताना ते पडणारच, पण नकाशा काढून बघा ना. सरहद्दीपासून लांब, समुद्रकिनाऱ्यावर नाही पण मुंबई बंदर एका दिवसाच्या रस्त्यावर, मुंबई-आग्रा हायवे दारातून जातो, नाशिक रोडला रेल्वे, सपाट माळ आणि पावसाळा सोडला तर आठ महिने स्वच्छ आकाश. नवीन विमान पहिल्यांदा उडवून बघायला असं आकाश लागतं. बक्षीस द्यायचं म्हटलं तरी द्यायला जागा तशी असावी लागते.

अजून एक, बहुतेकांना माहीत नसतं. सुरुवातीला हा कारखाना एचएएलचा, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा, नव्हताच. ऑगस्ट १९६३ ला मिगसाठी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड नावाची वेगळी सरकारी कंपनी काढली होती. १ ऑक्टोबर १९६४ ला ती आणि बंगलोरची हिंदुस्तान एअरक्राफ्ट एक केली आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाली. आता गंमत बघा, बंगलोरची कंपनी १९४० साली काढली कुणी तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, ज्यांनी १९३३ ला आपल्या मालेगाव तालुक्यात रावळगावला साखर कारखाना काढला होता. रावळगावची गोळी चघळत मोठे झालो आपण सगळे, आणि त्याच माणसाने लावलेल्या रोपाची फांदी ओझरला आली. मला हे वर्गात सांगताना दर वर्षी आनंद व्हायचा.


डॉलीवाला:
पाहुण्यांच्या प्रश्नाचं मी सांगतो. मी ७१ साली लागलो, म्हणजे तुझ्या वडिलांच्या आठ वर्षं आधी. बाळा, वडिलांना सांग मान खाली घालायचं काही कारण नाही.

खोकी यायची हे खरं आहे. कारखाना सुरू झाला तेव्हा मिग-२१ एफएल, आम्ही टाईप ७७ म्हणायचो, त्याचे तयार भाग रशियातून यायचे आणि इथे जोडायचे, १९६६ पासून ते काम सुरू. पण ते पहिल्या यत्तेसारखं होतं. पुढच्या यत्तेत मोठे भाग बंद झाले आणि छोटे सुटे भाग यायला लागले, म्हणजे जोडकाम दुप्पट तिप्पट वाढलं, आणि त्याच्या पुढच्या यत्तेत पत्रा आणि धातूची लादी यायची आणि विमान आपण करायचं. कच्च्या मालापासून बनवलेलं पहिलं एफएल १९७० ला हवाईदलाला दिलं. मी लागलो तेव्हा जुनी माणसं अजून त्याच गोष्टी सांगायची. ते पाहुणे पहिल्या यत्तेचं बघून बोलले, माणूस पुढे शिकलाच नाही असं धरून.

आता नटबोल्टचं. विमानाला नटबोल्टपेक्षा रिव्हेट जास्त, म्हणजे पत्रे जोडायला ठोकून बसवतात ते खिळे, हजारोंनी. एक जण बाहेरून गन लावतो आणि दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो, त्याला डॉली म्हणतात. मी सुरुवातीला अंगाने बारीक होतो म्हणून मला आत घालायचे. मिगचं पोट किती अरुंद असतं ते आत गेल्याशिवाय कळत नाही, कोपर हलवायला जागा नाही, उन्हाळ्यात घाम डोळ्यांत, आणि डॉली एक केस तिरकी झाली तर रिव्हेटचं डोकं आत वाकडं बसतं. वाकडं बसलं की ते ड्रिल करून काढायचं, आणि काढताना भोक मोठं झालं की तो पत्रा संशयात. बाहेरचा आणि आतला एकमेकांना दिसत नाहीत, टकटक आवाजावर काम. एक ठोका म्हणजे मार, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे परत मार. माझा जोडीदार पिंपळगावचा होता, आम्ही अकरा वर्षं एकत्र काम केलं, आणि मी तुला सांगतो घरच्या माणसाचा पायरव ओळखतो तसा मी त्याचा ठोका ओळखायचो. रात्रपाळीत तो आजारी पडला आणि दुसरा कुणी गनवर आला तर पहिल्या ठोक्याला मला कळायचं.

पंखाच्या आतही इंधन असायचं, तिथे वेगळी टाकी नाही, पंख हीच टाकी. म्हणजे प्रत्येक सांधा सील करायचा आणि मग गळतीची टेस्ट. एक थेंब दिसला की सगळं परत.

आणि टूल. स्टोअरमधून पाना घेतला की आपला पितळी बिल्ला त्याच्या खिळ्याला लटकवायचा, शिफ्ट संपताना प्रत्येक खिळ्यावर पाना परत आणि बिल्ला आपल्या हातात. एक जरी बिल्ला लटकत राहिला तर कुणी घरी जाणार नाही. खिशात नाणं नाही, अंगठी नाही, पेन नाही. एकदा छोटा वॉशर सापडेना, रात्री साडेअकरा वाजता टॉर्च आणि आरसा घेऊन आम्ही सहा जण शोधत होतो, साहेबसुद्धा गुडघ्यावर. सापडला एकाच्या बुटाच्या खोबणीत. बाहेर बस सुरू ठेवून ड्रायव्हर थांबलेला, कुणी कुरकुर केली नाही कारण उद्या त्यात कुणाचा तरी मुलगा बसणार हे सगळ्यांना माहीत होतं.

तुझे वडील एअरफ्रेमला होते म्हणतोस, त्यांना विचार, आजही घरातला स्क्रू ड्रायव्हर काम झाल्यावर जागेवर ठेवल्याशिवाय चैन पडतं का म्हणून.


गोदाकाठ:
काका, अंगावर काटा आला. आमच्याकडे बाबांनी भिंतीवर फळी लावलीय आणि प्रत्येक हत्याराची पेन्सिलने आकृती काढलीय, पक्कड कुठे, हातोडी कुठे. लहानपणी आम्ही परत नाही ठेवलं तर जेवण थांबायचं. आम्हाला वाटायचं बाबा उगाच कडक आहेत. आज कळलं.


साकोरे_शिवार:
आमच्या गावाचं नावच साकोरे मिग आहे भाऊ. साकोरे दुसरंपण आहे जिल्ह्यात, नांदगावकडं, म्हणून पत्त्यावर मिग लिहायची सवय लागली ती लागलीच, आता सातबाऱ्यावर आणि यष्टीच्या पाटीवरपण मिग. विमान रिटायर झालं पण आमचं गाव काय रिटायर होत नाही.

आमच्या आजोबांची जमीन गेली धावपट्टीच्या बाजूला. आजोबा सांगायचे, तवा नुकती लढाई झालेली, बायका अंगावरचं सोनं देत होत्या संरक्षण फंडाला, त्यात जमीन द्या म्हटल्यावर नाही कोण म्हणणार. पण त्या रानात आमची विहीर होती, स्वतः आजोबांनी आणि त्यांच्या भावाने खणलेली, आणि म्हातारा मरेस्तवर तारेच्या कुंपणाजवळ जाऊन उभा राहायचा आणि बोट दाखवून सांगायचा, ती बघ, त्या लिंबाच्या डावीकडं. लिंबपण राहिला नव्हता तोपर्यंत. हे पण इतिहासात धरा, नुसतं दिल्लीत काय झालं ते नको.

दुसरी बाजूपण सांगतो. माझे दोन चुलते मिगमध्ये लागले, एक पेंट शॉपला आणि एक कँटीनला, आणि त्या पगारावर घरातल्या सगळ्यांची शिक्षणं झाली. ओझर आधी बाणगंगेच्या काठचं एक बाजाराचं गाव, तिथे बँक, हायस्कूल, दवाखाने सगळं मिग आल्यावर वाढलं. रशियन साहेबलोक राहायचे कॉलनीत, त्यांच्या बायका ओझरच्या बाजारात भाजी घ्यायला यायच्या, माझी आजी कोबी आणि बीट विकायची त्यांना आणि पैसे घेतल्यावर स्पासिबा म्हणायची, म्हणजे रशियनमध्ये धन्यवाद. शेवटपर्यंत म्हणायची, आम्ही पाणी दिलं तरी स्पासिबा.

आवाजाचं विचाराल तर द्राक्षाच्या बागेत छाटणी चालू असताना वरून सुखोई, म्हणजे मिगनंतर ओझरला बनलेलं लढाऊ विमान, गेलं की मजूर थांबत नाहीत, बाहेरचा पाहुणा असेल तोच कानावर हात ठेवतो. भीती नाही असं नाही पण. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, शिरसगावला सुखोई पडलं, आपल्या निफाड तालुक्यातच. दोघं वैमानिक वाचले, रानात उतरले. गावातली माणसं निकाल सोडून तिकडं पळाली पाणी घेऊन.


उपनगर_नाका:
मी एरोस्पेसमध्येच काम करते, डिझाईनला, आणि काकांनी लिहिलेलं वाचून हात जोडावेसे वाटले. पण मूळ पोस्टमध्ये गोड लिहू नका म्हटलंय म्हणून एक कडू गोष्ट लिहिते, कुणी वाईट वाटून घेऊ नका.

ते पाहुणे चुकीच्या जागी बोट ठेवत होते पण जखम आहे. ओझरला हात तयार झाले, आणि उत्तम झाले. जे व्हायला फार उशीर झाला ते म्हणजे डिझाईन. परवान्यावर विमान बनवणं म्हणजे काय तर ड्रॉईंग त्यांचं, प्रोसेस शीट त्यांची, एखाद्या पत्र्याची जाडी अमुकच का हे त्यात लिहिलेलं नसतं. कसं करायचं ते मिळतं, का करायचं ते मिळत नाही. तुम्हाला एखादं भोक दोन मिलीमीटर सरकवायचं असलं तरी मूळ डिझाईनवाल्यांना विचारा. मग एफएल संपलं की मिग-२१ चाच पुढचा प्रकार एम आला १९७३ ला, मग बिस, ते १९८७ पर्यंत, मधेच मिग-२७ सुरू झालं आणि ती १६५ बनवली, मग सुखोई. दर वेळी नवीन ड्रॉईंग, दर वेळी पहिल्या यत्तेपासून सुरुवात. सुखोईतसुद्धा त्रेचाळीस हजारांच्या आसपास भाग, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश इथे बनायला लागले, पण टायटॅनियम आणि मोठ्या फोर्जिंग, म्हणजे ठोकून घडवलेले धातूचे भाग, रशियाच्याच. हा दोष कामगारांचा नाही आणि एकट्या ओझरचा तर अजिबात नाही, ते वर ठरलेलं धोरण होतं. हवाईदलाला विमान उद्या हवं असायचं, आणि स्वतः डिझाईन करायला वीस वर्षं लागतात.

आपण एकदम काहीच शिकलो नाही असंही नाही. सव्वाशे बिसचं बायसन केलं ते ओझरलाच, जुन्या सांगाड्यात नवं रडार, नवी क्षेपणास्त्रं, नवी कॉकपिट. आणि सुखोईच्या पोटाखाली ब्राह्मोस बसवायचं ठरलं तेव्हा अडीच टनाचं क्षेपणास्त्र लटकवायला सांगाडाच मजबूत करावा लागला, ते काम ओझरला झालं, २५ जून २०१६ ला ब्राह्मोस घेऊन सुखोई पहिल्यांदा उडालं ते नाशिकच्या आकाशात. तिथे दुसऱ्याच्या ड्रॉईंगच्या पलीकडे जाऊन विचार करावा लागला. माझ्या मते त्या पाहुण्यांना उत्तर द्यायचं तर हे द्या.


सातपूर_वर्कशॉप:
ताईंशी सहमत पण एक भर घालतो. मी सातपूर एमआयडीसीत छोटं युनिट चालवतो, चार सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन आहेत. माझ्या पहिल्या मशीनवर मला उभं केलं ते मिगमधून रिटायर झालेल्या एका टर्नरने. तोपर्यंत मी ऑटोमोबाईलचे पार्ट करायचो आणि मला वाटायचं मला काम येतं. त्यांनी माझा पार्ट हातात घेतला, नखाने कडेवरून फिरवलं आणि म्हणाले बर आहे. मी म्हटलं दिसत नाही, ते म्हणाले मलापण दिसत नाही. बर म्हणजे कापताना कडेला राहिलेली धातूची बारीक धार, विमानाच्या भागात ती राहिली तर तिथून तडा सुरू होतो. त्या दिवसापासून आमच्याकडे प्रत्येक पार्टची कड भिंगातून बघतात, मग तो ट्रॅक्टरचा का असेना.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत असे किती तरी लोक पसरलेत, इथून तिथून प्रत्येक चांगल्या टूलरूममध्ये एखादा मिगवाला किंवा मिगवाल्याचा शिष्य सापडतो. कारखान्याने किती विमानं बनवली याचा आकडा निघतो, हा आकडा कुठेच निघत नाही.


वरणगावकर:
मधेच बोलतो. माझे मामा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीला होते, भुसावळजवळ, तिथे बंदुकीच्या गोळ्या बनतात, तोही १९६४ चाच म्हणजे चीनच्या लढाईनंतरच्या लाटेतला. लोक ऑर्डनन्स आणि एचएएल एकच समजतात पण तसं नाही, एचएएल पहिल्यापासून कंपनी, ऑर्डनन्स फॅक्टऱ्या थेट संरक्षण खात्याच्या, कोलकात्याच्या बोर्डाखाली. १ ऑक्टोबर २०२१ ला बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा मामा रिटायर होऊन बारा वर्षं झाली होती तरी रात्रभर झोपले नाहीत. सरकारी नोकर म्हणून लागलो होतो, आता माझं खातं कुठंय, एवढंच म्हणायचे. तुमच्या बाबांचं वाचलं आणि मामा आठवले.


डॉलीवाला:
उपनगरच्या ताईंचं खरं आहे. आम्हालासुद्धा ते सलायचं. ड्रॉईंग रशियनमधून इंग्रजीत केलेलं असायचं, कधी कधी भाषांतरात चूक, आणि आम्ही शॉपमध्ये पत्रा हातात धरून सांगायचो साहेब हे असं बसणारच नाही. साहेब पत्र लिहायचे, उत्तराला महिने. पण प्रत्येक वेळी उत्तर आल्यावर कळायचं की आमचा हात बरोबर होता, त्याचा आनंद वेगळा.

आता एक राहिलं, आणि ते कुणी विचारलं नाही पण मला माहीत आहे की तुझ्या वडिलांच्या मनात ते असणार. उडती शवपेटी, मिग-२१ ला अपघातांमुळे पडलेलं नाव. हे नाव वर्तमानपत्रात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नोकरीतच होतो. लपवायचं काही नाही, २०१२ ला संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत आकडे सांगितले, ८७२ मिगपैकी ४८२ अपघात, १७१ वैमानिक गेले. १७१ मुलं. त्यातल्या काही अपघातांत यंत्राची चूक होती, काहींत माणसाची, पक्षी धडकले ते वेगळे. मिग-२१ उतरतानाच ताशी साडेतीनशेच्या आसपास वेगाने उतरायचं, आणि हळू विमानावर शिकलेल्या पोरांना एकदम त्यावर बसवायचे कारण मधल्या पायरीचं ट्रेनर जेटच नव्हतं आपल्याकडे. १९८० च्या दशकापासून मागणी होती, तसं ट्रेनर, हॉक, हवाईदलात आलं २००८ ला. इतकी वर्षं त्या मुलांनी मधली पायरी नसताना उडी मारली.

पण आमचं काय व्हायचं ते सांगतो. अपघाताची बातमी आली की शॉपमध्ये आवाज बंद. कुणी कुणाला विचारायचं नाही. सगळ्यांच्या डोक्यात एकच, विमानाचा नंबर काय. नंबर कळला की प्रत्येक जण मनातल्या मनात मागे जायचा, ते विमान माझ्या जिगवर, म्हणजे सांगाडा धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, होतं का, मी आत होतो का, त्या दिवशी मला ताप होता का. चौकशीत वेगळं कारण निघालं तरी रात्र जायचीच. माझ्या जोडीदाराने एकदा आठ दिवस उपास धरले होते, कारण निघेपर्यंत. ते नाव ठेवणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांची मुलं गेली. फक्त आम्ही बेफिकीर होतो असं कुणी समजू नये.

आणि ७१ च्या लढाईत हीच विमानं होती. १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नरच्या बंगल्यावर मिग-२१ नी रॉकेटं मारली आणि दोन दिवसांत पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. मी तेव्हा सहा महिन्यांचा अ‍ॅप्रेंटिस. कँटीनमध्ये रेडिओवर बातमी लागली, कुणी ओरडलं नाही बरं का. एक वयस्कर फिटर होते, त्यांनी हातातला चहा खाली ठेवला आणि परत शॉपमध्ये निघून गेले, लंच संपायला पंधरा मिनिटं बाकी होती तरी. एकेक करून सगळेच गेले.


जुनी_पानं:
डॉलीवाले, हे कुठेतरी नीट लिहून ठेवा हो. तारखा पुस्तकात सापडतात, तो खाली ठेवलेला चहा सापडत नाही.


साकोरे_शिवार:
आता परत सुरू झालंय काम, सांगायचं राहिलं. मधली काही वर्षं सुखोईची ऑर्डर संपत आली तेव्हा गावात सगळीकडं एकच बोलणं, मिग बंद पडतं का काय. १७ ऑक्टोबर २०२५ ला तेजस उडालं ओझरहून, राजनाथ सिंह आले होते. आमच्या बागेवरूनच गेलं. आवाज सुखोईपेक्षा बारीक वाटला, पोरं म्हणाली लहानंय. मी म्हटलं लहान असूदे, पण आपलंय.


उपनगर_नाका:
हो, आणि त्याचं ड्रॉईंग आपलं आहे, मी वर जे रडगाणं लिहिलं त्याचं उत्तर तेच. तेजस मार्क-१ए ची तिसरी लाईन ओझरला, वर्षाला ८ विमानं, शिवाय एचटीटी-४० ट्रेनर, ते तर एचएएलने स्वतः डिझाईन केलेलं. म्हणजे शॉपमधला फिटर म्हणाला हे बसत नाही, तर उत्तराला आता मॉस्को नाही, बंगलोरला फोन. यात इंजिन अजून अमेरिकेचंच आहे, त्यामुळे एक खोली अजून परक्याची, पण घर आपलं झालं.


गोदाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं, दोन तास लागले कारण मधे मधे थांबवून तेच बोलत होते. यशवंतरावांचं ऐकून म्हणाले अर्धं तर अर्धं, मी माझ्या नातवाला पूर्णच सांगणार. ताईंचं वाचताना बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले ती मुलगी बरोबर बोलतेय, आम्हाला का ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीपण फार विचारलं नाही.

विमानाच्या नंबरचं वाचलं तेव्हा त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः परत वाचलं. मग उठून कपाटातून एक जुनी वही काढली, मी आजवर कधी बघितली नव्हती. त्यात पहिल्या पानापासून नुसते नंबर आहेत, त्यांनी काम केलेल्या प्रत्येक विमानाचे, बारीक अक्षरात, आणि काहींच्या पुढे फुली. फुल्यांचं मी विचारलं नाही, त्यांनीपण सांगितलं नाही. गेल्या महिन्यात २६ तारखेला त्यांनी बऱ्याच नंबरांपुढे वेगळी खूण केलीय, साधी बरोबरची. ती म्हणजे सुखरूप घरी आली, असं म्हणाले.

डॉलीवाले काका, बाबांनी निरोप दिलाय. ते म्हणतात रात्रपाळीत वॉशर हरवला होता ती गोष्ट त्यांनीपण ऐकलीय, फक्त त्यांच्या शॉपमध्ये सांगायचे की बूट साहेबांचा होता. खरं काय ते समोरासमोर सांगा म्हणाले. चंपाषष्ठीला खंडेरावाच्या यात्रेला आम्ही दर वर्षी ओझरला जातो, बारागाड्या ओढून झाल्या की देवळाच्या मागच्या बाजूला चहाच्या टपरीवर थांबू. पांढरा शर्ट, हातात काठी, आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत असतील.


डॉलीवाला:
येतो. बूट साहेबांचाच होता.